फिक्स्ड सपोर्टच्या खाली काय आहे?

टी.ई.च्या ओरलमधली गोष्ट. स्ट्रक्चरल डिझाइनची फाइल काखेत मारून आत गेलो. आठ मजली इमारत, स्टाडमध्ये केलेलं मॉडेल, रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग... एकदम टॉप! बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली, बेंडिंग मोमेंटच्या आकृतीवर जरासे थांबले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "बिल्डिंग छान आहे. पण ही उभी कशावर आहे?"

मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं, "सर, फिक्स्ड सपोर्टवर."

सर हसले. आमचे इंटर्नल सरही हसले. मीही हसलो, कारण दोघं हसतायत म्हणजे उत्तर बरोबर असणार! मार्कही चांगले मिळाले. त्या हसण्याचा अर्थ मात्र मला पुढे उन्हाळ्यात, एका खड्ड्याच्या काठावर उभं राहिल्यावर कळला. ती गोष्ट पुढे येईलच. आधी मुद्दा सांगतो.

मुद्दा असा की आपण सिव्हिलवाले चार वर्षं इमारती काढतो, त्यांचे बीम, कॉलम, स्लॅब सगळं मिलिमीटरमध्ये ठरवतो, आणि सगळ्यात खाली आल्यावर माउसच्या एका क्लिकवर 'फिक्स्ड' म्हणून मोकळे होतो. ती क्लिक म्हणजे एक विधान आहे. आपण छातीठोकपणे सांगतो की या कॉलमचा तळ खाली जाणार नाही, बाजूला सरकणार नाही आणि कणभरही फिरणार नाही. एवढी खात्री आपल्याला मेसच्या जेवणाचीही नसते! मग न पाहिलेल्या जमिनीची कुठून आली?

फिक्स्ड म्हणजे चूक असं मी म्हणत नाही. पुण्याच्या कित्येक भागांत दोन-तीन मीटर खणलं की मुरूम, मग मांजऱ्या आणि मग काळा पाषाण लागतो. तिथे पाया खडकावर टेकला तर खडक जवळजवळ हलत नाहीच. आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीनेही खडकावरच्या किंवा खडकासारख्या थरावरच्या इमारतींना भूकंपाच्या हिशोबात माती आणि इमारतीच्या परस्पर परिणामातून सूट दिली होती. पण सूट खडकाला आहे, आपल्या आळसाला नाही. काळ्या मातीवर, नदीकाठच्या गाळावर, मुंबईतल्या भराव टाकलेल्या चिखलावर आपण तीच क्लिक करतो, तेव्हा ती सूट आपण चोरून वापरतो.

हॉस्टेलची भेग

लांब कशाला जायचं? आपल्याच हॉस्टेलच्या जुन्या आणि नव्या विंगच्या सांध्यावर जी उभी भेग आहे, ती सगळ्यांनी पाहिली आहे. फर्स्ट इयरची मुलं तिला 'भारत-पाक बॉर्डर' म्हणतात. मी तीन वर्षं त्या भेगेशेजारच्या खोलीत राहिलो. मे महिन्यात तिच्यात एक रुपयाचं नाणं आरामात उभं जातं. ऑगस्टमध्ये साधं पोस्टकार्ड सरकत नाही. माझ्या खोलीचं दार पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात खटकन लागतं. सुतार येतो, रंधा मारतो, पुढच्या वर्षी पुन्हा येतो. दर दोन वर्षांनी गिलावा होतो, रंग होतो आणि भेग पुन्हा हसत हजर!

या भेगेचं खापर आजवर गवंड्यावर, सिमेंटवर आणि ठेकेदारावर फुटलं आहे. मातीचं नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. खरं तर इथे मातीच्या दोन वेगवेगळ्या करामती एकाच वेळी चालू आहेत.

पहिली करामत वजनाची. जुनी विंग कित्येक वर्षांपूर्वी बांधली, तिच्याखालची माती तेव्हाच दबून बसली. नंतर तिला खेटून नवी विंग आली. नव्या वजनाखाली माती नव्याने दबली आणि दबताना शेजारच्या जुन्या पायाखालचीही थोडी सोबत घेऊन गेली. हे समजायला हॉस्टेलची गादी पुरेशी आहे. रूममेट खाटेच्या एका टोकाला धपकन बसला की दुसऱ्या टोकाला आपण त्याच्याकडे कलतो. आपलं वजन तेवढंच असतं, तरी आपण कलतो!

दुसरी करामत पाण्याची. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी प्यालं की फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणजे ही माती वजनाखाली नुसती दबत नाही, पावसाळ्यात उलट वर ढकलते. बाहेरच्या भिंतीखालची माती पाऊस-उन्हाला सामोरी असते, आतल्या खोल्यांखालची झाकलेली असते. त्यामुळे कडा वर-खाली होतात आणि मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. आपली भेग उघडते-मिटते ती यामुळे.

यावर उपाय कुणी शोधलेच नाहीत असं नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. ते फुगण्या-आकसण्याच्या थराच्या खाली जाऊन स्थिर मातीत पाय रोवतात. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर देण्याची पद्धत मांडली. हे आपण परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहितो. मग त्याच संध्याकाळी स्टाड उघडून काळ्या मातीवर फिक्स्ड सपोर्ट लावतो. एका विषयाचं दुसऱ्या विषयाला कळत नाही, जणू जिओटेक आणि स्ट्रक्चर ही दोन भांडलेल्या भावांची घरं आहेत!

एक छोटं गणित

कुणी म्हणेल, खचलं थोडं तर एवढं काय बिघडतं? म्हणून गणित करून पाहू. कॅल्क्युलेटर काढा.

२३० बाय ४५० चा बीम घ्या, पाच मीटरचा गाळा, एम-२० काँक्रीट. इलॅस्टिसिटी मॉड्युलस सुमारे २२,३६० मेगापास्कल. मीटरला २५ किलोन्यूटन भार धरला आणि टोकं पक्की मानली तर टोकाचा मोमेंट येतो साधारण ५२ किलोन्यूटन-मीटर. आपण सळ्या यासाठी टाकतो.

आता एक टोक दुसऱ्यापेक्षा फक्त साडेसात मिलिमीटर जास्त खचलं असं समजा. हा आकडा मी भीती घालायला मोठा धरलेला नाही. आयएस १९०४ काँक्रीटच्या इमारतीला स्वतंत्र फुटिंगवर अंतराच्या ०.००१५ पट असमान खचण चालवून घेतं, आणि पाच मीटरला ती बरोबर साडेसात मिलिमीटर होते. या खचण्याने बीमच्या टोकाला जादा मोमेंट येतो सहा ईआय डेल्टा भागिले एलचा वर्ग, म्हणजे सुमारे ७० किलोन्यूटन-मीटर!

भाराचा ५२ आणि नुसत्या खचण्याचा ७०. न खचलेल्या टोकाला दोन्हींची बेरीज होते. खचलेल्या टोकाला वजाबाकी होऊन मोमेंटची दिशाच उलटते. आपण तिथे वरच्या बाजूला सळ्या भरल्या होत्या आणि ताण आला खालच्या बाजूला!

प्रत्यक्षात एवढं होत नाही हे मान्य. काँक्रीटला बारीक तडे जातात, वर्षानुवर्षांच्या क्रीपने बीम सैलावतो, टोकंही पूर्ण पक्की नसतात. निम्मा मोमेंट गळून गेला असं धरलं तरी ३५ उरतो, म्हणजे भाराच्या मोमेंटच्या दोन तृतीयांश. एवढी मोठी गोष्ट आपल्या रंगीत प्रिंटमध्ये कुठे होती? कुठेच नव्हती. फिक्स्ड सपोर्ट खचत नाही, त्यामुळे ती दिसणारच नाही.

आणखी एक गंमत. फिक्स्ड सपोर्ट दिल्यावर कॉलमच्या तळाशी मोमेंट येतो. पण फुटिंग डिझाइन करताना आपल्यातले कितीतरी जण फक्त उभा भार घेतात. मग तो मोमेंट गेला कुठे? वर सांगायचं की तळ फिरत नाही, आणि खाली तो फिरू नये म्हणून काहीच करायचं नाही. एकाच फाइलच्या बाविसाव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या पानाचं आपसांत पटत नाही. माझ्या फाइलचंही पटत नव्हतं. म्हणूनच बहुधा ते दोघं हसले!

स्प्रिंग लावली, काम झालं?

आता दुसऱ्या टोकाचे वीर. यांनी सीनियर्सकडून ऐकलेलं असतं की सॉइल स्ट्रक्चर इंटरअ‍ॅक्शन म्हटलं की प्रोजेक्टला वजन येतं. मग ते फिक्स्ड काढून स्प्रिंग लावतात. कल्पना जुनी आणि गुणी आहे. १८६७ साली एमिल विंकलर यांनी ती मांडली. जमीन म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या सुट्या स्प्रिंगा, जेवढा दाब तेवढं दबणं. साधं, सुटसुटीत, हाताने सोडवता येणारं. दाबाला दबण्याने भागलं की झाला सबग्रेड रिअ‍ॅक्शन मॉड्युलस, आपल्या बोलीत 'के व्हॅल्यू'.

प्रश्न हा की ही के व्हॅल्यू आणायची कुठून? प्रत्येक बॅचकडे वारशाने आलेलं एक सूत्र असतं. चाळीस गुणिले फॅक्टर ऑफ सेफ्टी गुणिले एसबीसी. सूत्र बोल्स यांच्या पुस्तकातलं आहे. त्यातला चाळीस कुठून आला हे मी दहा जणांना विचारलं. एकाने सांगितलं. अंतिम क्षमतेला जमीन एक इंच, म्हणजे ०.०२५४ मीटर दबते असं धरलंय. एकला त्याने भागलं की सुमारे चाळीस. बास! तुमच्या प्लॉटवरच्या मातीचा त्या चाळीसशी काही संबंध नाही.

आता बघा काय होतं. एसबीसी २०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, साइटच्या भाषेत वीस टन. फॅक्टर तीन. के आली २४,०००. कडेच्या कॉलमवर ४५० किलोन्यूटन, फुटिंग दीड बाय दीड मीटर. मधल्या कॉलमवर १,२५० किलोन्यूटन, फुटिंग अडीच बाय अडीच. दोन्हींखाली दाब बरोबर २००. क्षेत्रफळाला के ने गुणून स्प्रिंग लावल्या तर कडेचा कॉलम खचला ८.३ मिलिमीटर. मधला? तोही ८.३ मिलिमीटर!

सगळे कॉलम सारखेच खाली गेले तर बीमला जादा मोमेंट येणार कुठून? म्हणजे उभ्या भारापुरतं बोलायचं तर एवढ्या कष्टाने स्प्रिंग लावून उत्तर जवळजवळ फिक्स्डचंच आलं. आणि आपण निष्कर्षात लिहितो, 'मातीच्या लवचिकतेचा परिणाम नगण्य आढळला.' परिणाम नगण्य नव्हता हो, आपणच तो सूत्रात मारून टाकला होता!

खरी माती अशी वागत नाही. मोठ्या फुटिंगचा दाब जास्त खोल पोचतो, ढोबळ मानाने रुंदीच्या दुप्पट. दीड मीटरच्या फुटिंगला तीन मीटर खोलीपर्यंतची माती जाणवते, अडीचच्या फुटिंगला पाच मीटरपर्यंतची. टेर्झागी यांनी १९५५ च्या लेखात हे स्पष्ट सांगितलं होतं. के हा निव्वळ मातीचा गुणधर्म नाही, पायाच्या आकाराबरोबर तो बदलतो. त्यांच्या नियमाने चिकणमातीवर सारख्या दाबाला खचण रुंदीच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कडेचा ८.३ खचला तर मधला जवळपास १४ मिलिमीटर. फरक साडेपाचच्या वर! वाळूवर हाच फरक बराच कमी, मधला फार तर पंधरा टक्के जास्त. तीच इमारत, तीच फुटिंगं, तोच दाब, पण माती बदलली की गोष्ट बदलली.

शिवाय विंकलरच्या स्प्रिंगा सुट्या आहेत. एक दाबली तर शेजारची ढिम्म हलत नाही. म्हणजे तिथे रूममेट खाटेवर बसला तरी आपण कलतच नाही! आपल्या हॉस्टेलच्या भेगेचा अर्धा भाग या मॉडेलमध्ये दिसणारच नाही. उरलेला अर्धाही दिसणार नाही, कारण साधी स्प्रिंग दाबल्यावरच उलटा जोर देते. पावसाळ्यात आपणहून उठून बसणारी स्प्रिंग सॉफ्टवेअरच्या यादीत नाही.

बुजवलेली विहीर

आता त्या खड्ड्याची गोष्ट. थर्ड इयरनंतरच्या सुट्टीत एका लहानशा बिल्डरकडे ट्रेनिंग केलं. चार मजल्यांची इमारत, खाली पार्किंग. मला फुटिंगचं डिझाइन दिलं. एसबीसी विचारली तर उत्तर आलं, "वीस टन धर. इथे सगळे वीसच धरतात." मी सॉइल रिपोर्ट मागितला. दोन दिवसांनी मिळाला. तो शेजारच्या प्लॉटचा होता. मी काय केलं? वीस टन धरले. फिक्स्ड सपोर्ट लावला. शीटवर 'डिझाइन बाय'च्या पुढे माझी इनिशियल्स टाकली. जरा ऐटीतच टाकली!

खोदाई सुरू झाल्यावर कोपऱ्यातल्या एका खड्ड्यापाशी काम थांबलं. खोदणाऱ्या टोळीतले एक वयस्कर मामा खड्ड्यात उकिडवे बसून मातीचं ढेकूळ बोटांनी फोडत होते. मला बघून म्हणाले, "सायेब, हितली माती वायली हाय. हितं हीर व्हती."

मी म्हटलं, "कशावरून, मामा?"

त्यांनी पहार उचलली आणि खड्ड्याच्या एका बाजूला मारली. ठण्ण आवाज आला. दुसऱ्या बाजूला मारली, तर पहार वीतभर आत गेली, आवाजच नाही. मग हाताने उकरून विटेचा तुकडा, कौलाचं खापर आणि प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "मुरमात पिशवी कुटनं यील?"

जुनी विहीर होती ती. कधीतरी राडारोडा टाकून बुजवली, वर प्लॉट पडले. फुटिंगचा निम्मा भाग मुरमावर आणि निम्मा कचऱ्यावर बसणार होता. शेजारच्या प्लॉटच्या रिपोर्टला ही विहीर दिसणार नव्हती. चाळीस गुणिले तीनलाही दिसणार नव्हती. आणि माझ्या फिक्स्ड सपोर्टच्या डोळ्याला तर पट्टीच होती. त्या दिवशी इंजिनिअरिंगचं शिक्षण नसलेल्या माणसाने एका पहारीने प्लेट लोड टेस्ट केली आणि आमच्या कॉम्प्युटरला पास-नापास करून दाखवलं.

पुढे तो राडारोडा उपसला, पक्का थर लागेपर्यंत खाली जाऊन काँक्रीट भरलं, कोपऱ्याची दोन फुटिंगं जोडून घेतली. खर्च वाढला, बिल्डरची कुरकुर झाली, पण काम नीट झालं. पण समजा मामा त्या दिवशी सुट्टीवर असते तर? त्या कोपऱ्यात वर चार घरं आहेत. कुणीतरी वीस वर्षांचं कर्ज काढून ती घेतली असणार. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला तिरकी भेग गेली असती आणि ते म्हणाले असते, गवंडी वाईट होता. माझ्या इनिशियल्सपर्यंत कुणी पोचलंही नसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

माती म्हणजे उशी नव्हे

भूकंपाचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण तिथे एक गोड गैरसमज आहे. माती लवचिक असली की इमारतीला धक्के कमी बसतात, म्हणजे फिक्स्ड धरणं सुरक्षित बाजूचं! कागदावर हे खरंही दिसतं. चोवीस मीटर उंच काँक्रीट फ्रेमचा पिरियड २००२ च्या आयएस १८९३ मधल्या सूत्राने सुमारे ०.८१ सेकंद. मातीच्या लवचिकतेने तो वीस टक्के वाढला असं धरा, ०.९८ झाला. मध्यम मातीच्या आलेखावर गुणांक १.६७ वरून १.३९ वर आला. जोर सहाव्या हिश्श्याने कमी! मग काळजी कसली?

काळजी अशी की तो आलेख अनेक भूकंपांची सरासरी काढून गुळगुळीत केलेला आहे. खरी जमीन इतकी गुळगुळीत नसते. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत काय झालं पाहा. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर. पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ चिकणमातीवर वसलेला. तिथे नोंदलेला धक्का खडकावरच्या धक्क्याच्या चार-पाच पट होता आणि ती माती सुमारे दोन सेकंदांच्या लयीत झुलत होती. सर्वांत जास्त मोडल्या त्या साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती. पाया मऊ, त्यात तडे जाऊन इमारत आणखी सैल, पिरियड वाढत वाढत नेमका त्या दोन सेकंदांकडे सरकला. झोका लयीत ढकलावा तसं झालं. म्हणजे जो वाढलेला पिरियड आपण फायदा म्हणून मिरवतो, तोच तिथे घात करून गेला. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपात हानशिन एक्सप्रेसवेचा ६३५ मीटर लांबीचा पूलच कुशीवर कलंडला. त्याच्या खांबांमध्ये इतर दोषही होते, पण मिलोनाकिस आणि गाझेटास यांनी २००० साली दाखवून दिलं की मातीच्या लवचिकतेनेही त्यात भर घातली असावी.

आपल्याकडे २६ जानेवारी २००१ ला, आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधी, भुजचा भूकंप झाला. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब, तरीही साबरमतीच्या गाळावरच्या कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या. सगळा दोष मातीचा नव्हता. तळमजल्याचं मोकळं पार्किंग, कॉलममधल्या कमी रिंगा, ढिसाळ काम ही कारणं मोठी होती. पण दूरचा धक्का कुठे जाऊन भिडतो, हे ठरवण्यात खालच्या गाळाचा हात होताच.

आणि जोर कमी झाला म्हणून झोका कमी होत नाही. पाया हजारात एक एवढाच कलला तरी चोवीस मीटर उंचीवर माथा चोवीस मिलिमीटर सरकतो, तोही फ्रेम वाकण्याआधी. शेजारच्या इमारतीपासून सोडलेलं अंतर यातच संपतं.

मग करायचं काय?

लगेच कुणी म्हणेल, आता काय प्रत्येक प्रोजेक्टला मातीचं थ्री-डी फायनाइट एलिमेंट मॉडेल करायचं? अजिबात नाही! विहीर माहीत नसलेल्याने दहा लाख एलिमेंट टाकले तरी विहीर सापडणार नाही. चुकीचा आकडा दहा लाख तुकड्यांत वाटला म्हणून बरोबर होत नाही. मला वाटतं, साधं मॉडेल चालेल, पण ते प्रामाणिक पाहिजे. अंदाज करायला हरकत नाही. अंदाज लपवायला हरकत आहे.

माझ्या अपेक्षा तीनच आहेत. एक, प्रत्येक डिझाइनच्या फाइलमध्ये पहिलं पान मातीचं असावं. खाली कोणते थर, पाणी किती खोल, आकडे कुठून घेतले, आणि माहीत नसेल तर 'माहीत नाही, धरलं आहे' असं स्वच्छ लिहावं. दोन, स्प्रिंग लावायची तर एका किमतीवर थांबू नये. के दुप्पट करून पाहावी, निम्मी करून पाहावी, कडेची आणि मधली वेगळी धरून पाहावी. सगळ्यात उत्तर तेच राहिलं तर निवांत झोपावं. बदललं तर मग मातीवर खर्च करावा, प्रिंटवर नव्हे. अमेरिकेतल्या एएससीई ४१ या संहितेतही अशाच वरच्या-खालच्या मर्यादा धरून तपासायला सांगितलं आहे. तीन, कॉलेजच्या आवारात पुढचं कुठलंही बांधकाम निघालं तर खोदाईच्या दिवशी टी.ई.च्या पोरांना त्या खड्ड्यात उतरवावं. लिक्विड लिमिटचे टोले मोजून माती कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

सरांना एकच विनंती. ओरलमध्ये 'फिक्स्ड सपोर्टवर' असं उत्तर आलं तर कृपया नुसते हसू नका. पुढचा प्रश्न विचारा, "त्याच्या खाली काय आहे?" मला त्या दिवशी तो विचारला असता तर मी बाराच्या भावात गेलो असतो, चार मार्क कमी पडले असते. पण ते चार मार्क त्या कोपऱ्यातल्या चार घरांच्या मानाने फार स्वस्त होते.

बी.ई.चं प्रोजेक्ट सध्या चालू आहे. ग्रुपने विषय घेतलाय आपल्याच हॉस्टेलच्या भेगेचा. सांध्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, दर रविवारी व्हर्नियरने मोजमाप चालतं. तेव्हा भेगेजवळ काचा दिसल्या तर कृपया काढू नका, आणि रंगवाल्यालाही सांगा. मॉडेलमध्ये सपोर्टच्या जागी अजून काहीच लावलेलं नाही. गेल्या आठवड्यात आम्ही आधी फावडं आणि पहार घेऊन आलोय.